रिकव्हरी किती लागली?

कॉर्पोरेट बोलीवर टीका करायची म्हटली की पहिला फटका इंग्रजीला बसतो. नगर जिल्ह्यात, म्हणजे आताच्या अहिल्यानगरात, ही टीका टिकत नाही. इथला ऊस उत्पादक "रिकव्हरी, म्हणजे साखरेचा उतारा, किती लागली?" असं खुशाल विचारतो आणि समोरच्याला आकडा सांगावाच लागतो. 2025-26 च्या हंगामाची एफआरपी, म्हणजे उसाचा किमान दर, 10.25 टक्के उताऱ्याला क्विंटलमागे 355 रुपये आहे. त्यावर दर 0.1 टक्क्याला 3.46 रुपये जादा. इतक्या बारीक हिशेबात शब्दाला पोकळ व्हायला जागाच उरत नाही.

1950 च्या सुमारास विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांनी प्रवरानगरचा सहकारी कारखाना उभा केला. भागभांडवल, पोटनियम, गाळप हे शब्द तेव्हाच्या सभासदालाही नवेच होते. पण काट्यावर किंवा पासबुकात त्यांचा पडताळा यायचा, म्हणून ते रुळले.

पुढे पाण्याच्या कामांनी आपली भाषा आणली. 1975 नंतर राळेगणसिद्धीत अण्णा हजारेंच्या पुढाकाराने नशाबंदी, कुऱ्हाडबंदी, चराईबंदी आली. हिवरे बाजारने पोपटराव पवारांच्या काळात शेतीसाठी बोअरवेलबंदीही जोडली. बंदी मोडली की दिसते. शेळी कुणाची हे गावाला ठाऊक असतं. 'माथा ते पायथा' म्हटलं की काम डोंगरावर आधी सुरू करायचं, खालच्या बंधाऱ्यापासून नाही. सलग समतल चर किती झाला, ते टेप लावून कळतं.

भाषेची घसरण या यशानंतर सुरू झाली, असं मला वाटतं. गावात जे श्रमदान होतं, ते शासननिर्णयांत 'लोकसहभाग' झालं. घमेलं उचलणाऱ्याच्या जागी हजेरीपत्रकावरची सही आली. (सरकारी मराठी तर अस्सल देशी, तरी 'यथोचित कार्यवाही करण्यात येत आहे' यात कार्यवाही कोण करतंय ते शोधून दाखवा.) मग 2013 चा कंपनी कायदा आला. ठरावीक आकाराच्या कंपन्यांना सरासरी नफ्याचे दोन टक्के सामाजिक कामावर खर्च करणं आलं. त्या पैशाबरोबर स्टेकहोल्डर, इम्पॅक्ट, कपॅसिटी बिल्डिंग, एक्झिट स्ट्रॅटेजी हे शब्द गावात उतरले.

यात लबाडी असतेच असं नाही. त्या पैशावर काम करणाऱ्या संस्थेतल्या पोराला अहवाल लिहायचा असतो तो मुंबईतल्या वाचकासाठी. त्या वाचकाला पारनेर, संगमनेर आणि बाहेरच्या दोन जिल्ह्यांतलं काम एकाच तक्त्यात हवं असतं. अशा तक्त्यात बसायला शब्द गुळगुळीतच लागतो. "कम्युनिटी ओनरशिपसाठी स्टेकहोल्डर्सची कपॅसिटी बिल्डिंग केली," असं पोरगं लिहितं. प्रत्यक्षात समाजमंदिरात बैठक झालेली असते, चहा झालेला असतो आणि बंधाऱ्यातला गाळ दरवर्षी कोण काढणार हे तसंच राहिलेलं असतं.

सुप्याच्या एमआयडीसीतही तसंच. शॉपफ्लोअरवर 'फाइव्ह एस' म्हणजे फळीवर रंगवलेल्या पान्याच्या आकृतीवर पाना टांगलेला आहे की नाही, एवढं सोपं. वरच्या मजल्यावर त्याच कंपनीची 'सिनर्जी' सुरू झाली की पाना कुठे टांगायचा हेच कळत नाही.

उलट हिवरे बाजारला पाऊस सरला की ग्रामसभा पाण्याचा ताळेबंद मांडते. पडलेल्या पावसातून आधी पिण्याचं पाणी, मग जनावरांचं बाजूला काढतात. उरलेल्यावर रब्बीत काय पेरायचं ते ठरतं. पाऊस कमी असला की कुणाच्या तरी वावरातला गहू कमी होतो, आणि तो कुणाचा हे सभेत बसलेल्या सगळ्यांना माहीत असतं.