चेहरा आणि चैतन्य
संगणकाने घडवलेला माणूस प्रेक्षकाला खटकतो तो बहुधा डोळ्यांपाशी. त्वचेत शिरून विखुरणाऱ्या प्रकाशाचे गणित बरेचसे सुटले आहे. पण नजर कुठे स्थिरावते, हसताना पापणीखालचा स्नायू किती आवळतो, यात जराशी चूक झाली तरी चेहरा मुखवटा वाटू लागतो. २००४ च्या ‘द पोलर एक्स्प्रेस’ या चित्रपटातील पात्रांबाबत हीच तक्रार झाली. जपानी यंत्रमानवतज्ज्ञ मासाहिरो मोरी यांनी १९७० मध्येच हे ताडले होते: साम्य वाढते तशी आपुलकी वाढते, मात्र ते जवळजवळ पूर्ण होताच ती एकदम कोसळते. मोरी बौद्ध विचारांचे अभ्यासक. हुबेहूब कृत्रिम हातापेक्षा बुद्धमूर्ती घडवणाऱ्या कारागिराने कोरलेला लाकडी हात त्यांना सरस वाटला.

भारतीय मूर्तिपरंपराही साम्याच्या मागे लागत नाही. मूर्तीत प्राण येतात ते प्रतिष्ठेच्या विधीने. चार हातांचा, सोंडेचा गणपती कुणाला भेसूर वाटत नाही, कारण तो माणूस असल्याचा दावाच करत नाही.

खरा पेच पुढे आहे. १९९४ साली निवर्तलेले अभिनेते पीटर कुशिंग २०१६ च्या ‘रोग वन’ या चित्रपटात पुन्हा दिसले, अभिनय दुसऱ्या नटाचा, चेहरा त्यांचा. परवानगीचा प्रश्न कायदा सोडवील, पण त्या भूमिकेचा कर्ता कोण? देहालाच आत्मा मानणाऱ्या चार्वाकाला तर इथे देहही सापडायचा नाही.