देव टाकले म्हणून वेड लागले काय?



आपण देव्हारा रिकामा केला, मरीआईचे, खंडोबाचे टाक गोदावरीत सोडले. पुढे दोन-चार वर्षांत कॉलेजात जाणारा मुलगा बिघडला. तो रात्र-रात्र झोपत नाही. मित्रांत मिसळत नाही. ताट पुढे सारून म्हणतो, भाकरीत काही कालवले आहे. कोणी नसताना कोणाशी तरी बोलतो. मग पूर्णेहून आत्याबाई येते आणि उंबऱ्यातच शब्द टाकते, "देव टाकले ना, आता भोगा!"

असे घर आपल्या परभणी जिल्ह्यात एखादेच असेल असे समजू नका. बावीस प्रतिज्ञा घेतलेला बापही अशा वेळी डगमगतो. त्याला मी हसणार नाही. पण या दुःखाचा अपराधी कोण, हा प्रश्न तुम्हाला-आम्हाला सोडवलाच पाहिजे.

या आजाराला छिन्नमनस्कता म्हणतात. डॉक्टर स्किझोफ्रेनिया म्हणतात. तो बहुधा ऐन तारुण्यात सुरू होतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबाने जगात सुमारे तीनशे माणसांत एकाला तो आहे. लंडनमध्येही आहे, आणि तिथे कोणी मरीआई नदीत सोडलेली नाही.

त्याच लंडनमध्ये ऑलिव्हर होव्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००९ साली एक संशोधन प्रसिद्ध केले. मेंदूतील पेशी काही रसायनांच्या द्वारे एकमेकींना निरोप देतात. डोपामीन हे त्यांतील एक. ज्यांचा आजार अजून पुरता उघड झालेला नाही, नुसता संशय, नुसते भास सुरू झाले आहेत, अशी २४ माणसे त्यांनी तपासली. डोपामीन ज्या डोपापासून बनते, त्याला किंचित किरणोत्सर्गी फ्लोरिन जोडून ते शिरेतून दिले आणि पेट नावाच्या यंत्राने मेंदूची चित्रे घेतली. मेंदूच्या आतल्या एका भागात डोपामीन बनण्याचा वेग निरोगी माणसांपेक्षा जास्त आढळला. त्याआधी १९९१ साली अमेरिकेतील पिट्सबर्ग येथे, औषधाचा एक थेंबही न घेतलेल्या नव्या रुग्णांच्या मेंदूतील फॉस्फरसची संयुगे चुंबकीय यंत्राने मोजली, तेव्हा तीही बदललेली दिसली. फॉस्फरस म्हणजे आपण कापसाला घालतो तेच स्फुरद. देवीचा कोप कुठल्याच चित्रात उमटला नाही.

पण थांबा. देवऋषी गेला आणि त्याच्या जागी फोटो येऊन बसला, असे होता कामा नये. ही सगळी समूहाची सरासरी आहे. आजारी आणि निरोगी यांचे आकडे एकमेकांत मिसळतात. एकट्या तुमच्या मुलाच्या चित्रावरून त्याला हा आजार आहे की नाही, हे आजही कोणी सांगू शकत नाही. मुंबईच्या रेडिएशन मेडिसिन सेंटरमध्ये २००२ साली देशातील पहिले पेट यंत्र बसले. अशी यंत्रे मुख्यतः कर्करोगासाठी वापरली जातात. डॉक्टर कधी एमआरआय काढायला सांगतात, तो गाठ वा सूज नाही ना हे पाहण्यासाठी. त्यात डोपामीन दिसत नाही. तेव्हा फोटोसाठी वावर विकू नका.

आपल्यातच काहीजण हळूच म्हणतात, पूर्वजन्मीचे कर्म असेल. दीक्षा घेतली तरी हे खूळ डोक्यातून निघत नाही! परमपूज्य बाबासाहेबांनी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात हा विचार खोडून काढला आहे. आणि केवळ अडाण्यांनाच का हसावे? विलायतेतील शिकलेले डॉक्टरही एके काळी या आजाराचा दोष आईच्या वागण्याला देत होते.

विनयपिटकात गग्ग नावाच्या भिक्खूची हकीकत आहे. वेडाच्या भरात त्याने भिक्खूला न शोभणारे पुष्कळ केले. बरा झाल्यावरही इतर भिक्खू तेच उगाळत राहिले. तो म्हणे, मी तेव्हा भानावर नव्हतो, मला आठवत नाही. कोणी ऐकेना. तेव्हा तथागतांनी संघाला सांगितले, याला अमूढविनय द्या. म्हणजे वेडातील कृत्यांचा दोष याच्यावर ठेवू नका. मग कोणीही उठावे आणि वेडावर ढकलावे काय? नाही. आठवत असून आठवत नाही म्हणणाऱ्याला तो लागू नव्हता. संघ आधी विचारपूस करी, मगच निवाडा देई. त्या काळी मेंदूचे चित्र कोणी पाहिले नव्हते.

आजचा डॉक्टरही विचारूनच निदान करतो. झोप कधीपासून गेली, अभ्यास कधी सुटला, गांजा ओढतो काय, घराण्यात आणखी कोणाला असे झाले होते काय, हे त्याला न लपवता सांगा. उपचाराविना जितके महिने उताऱ्यात आणि गंडेदोऱ्यात जातील, तितके बरे होणे अवघड होते. डोपामीनचा जोर आवरणारी औषधे १९५२ पासून आहेत. ती मनाने बंद करू नयेत. मुलाला साखळीने बांधणे २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने मना आहे. २०२२ पासून टेलिमानसचा १४४१६ हा फुकट क्रमांक आहे. तिथे मराठीत बोलता येते.

आणि आत्याबाईशी भांडू नका. तिला चहा द्या आणि दवाखान्यात जाताना सोबत घ्या. लहानपणी त्याला तिनेच खेळवले आहे. कदाचित तिचे तो ऐकेल.