कबरीपुढे पुरीभाजी

आमच्याकडे स्मशानातून आलेला माणूस आंघोळीशिवाय कशाला शिवत नाही. तोच दिल्लीला गेला, की लोदी बागेत सिकंदरशहाच्या कबरीजवळ चादर अंथरून पुरीभाजीचा डबा सोडतो! दिल्लीदर्शनाची बस म्हणजे निम्मीअधिक स्मशानदर्शनाचीच. हुमायूनची कबर, सफदरजंगची कबर, राजघाट. आणि इंडिया गेट तरी दुसरं काय? हजारो जवानांची नावं कोरलेली, अन् त्याखाली आमच्या धाकट्याचा हट्ट : आइस्क्रीम!

आता प्रश्न असा, की मरण किती वर्षांनी सहलीला योग्य होतं? बँकेत याला नियम आहे. दोन वर्षं उलाढाल नाही, की खातं निष्क्रिय. दहा वर्षं झाली, की रक्कम रिझर्व्ह बँकेच्या निधीत. हुमायून १५५६ साली ग्रंथालयाच्या जिन्यावरून पडून गेला; त्याच्यासाठी आता सुतक कोण धरणार? पण राजघाटावरचं १९४८ चं खातं अजून चालू दिसतं. बसमध्ये घसा फोडणारा आमचा गाइडही तिथे चपला काढल्यावर हळू बोलू लागला.

इंडिया गेटचं मात्र अवघड आहे. पहिल्या महायुद्धात गेलेल्यांपैकी कुणाचा पणतू त्याच गर्दीत, मान वर करून नाव शोधत असायचा! म्हणून धाकट्याला म्हटलं, "आइस्क्रीम जरा लांब जाऊन खा."

"का? त्यांना आवडायचं नाही?"

बरीचशी विशी-बाविशीतली पोरं असतील ती. मी पाकीट काढलं.