अनुभव वाढला, पुढे काय?

मानसशास्त्रात एम.ए. झालेली मुलं-मुली भेटली की प्रश्न ठरलेला असतो : आता कोणता कोर्स करू? सीबीटीचा, आर्ट थेरपीचा की ट्रॉमाचा? शनिवार-रविवार कार्यशाळा, सोमवारी प्रमाणपत्र, मंगळवारी ते इन्स्टाग्रामवर. कोर्स जरूर करावेत. पण त्यातून थेरपिस्ट घडतो, हे काही मला पटत नाही.

नुसती वर्षं गेल्यानंही तो घडत नाही. सायमन गोल्डबर्ग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१६ मध्ये अमेरिकेतल्या १७० थेरपिस्टच्या आणि त्यांच्याकडे आलेल्या ६,५९१ जणांच्या नोंदी तपासल्या. काही थेरपिस्ट काळागणिक सुधारले होते. सरासरी मात्र किंचित घसरलेलीच निघाली. मला याचं फारसं नवल वाटलं नाही. या कामात चूक कानावर येतच नाही. ज्याचं समाधान झालं नाही तो भांडायला थांबत नाही, पुढच्या वेळी येत नाही इतकंच. आपण वहीत ‘ड्रॉप-आउट’ लिहून मोकळे! शिवाय आत्मविश्वास दांडगा. २०१२ च्या एका पाहणीत मानसिक आरोग्य क्षेत्रातल्या १२९ व्यावसायिकांना स्वतःचं मूल्यमापन करायला सांगितलं, तेव्हा चौथा हिस्सा लोकांनी स्वतःला सर्वोत्तम दहा टक्क्यांत बसवलं. सरासरीच्या खाली एकही जण नव्हता.

यावरचा उपाय जुनाच आहे. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ कार्ल रॉजर्स यांनी ओहायोत मुलाखती तबकड्यांवर ध्वनिमुद्रित करून विद्यार्थ्यांना शिकवायला सुरुवात केली आणि १९४२ च्या पुस्तकात एक अख्खी केस शब्दशः छापली. आपण ऐकून घेतो, अशी ज्यांची खात्री होती, त्यांना आपण किती सल्ले देतो ते तबकडीनं ऐकवलं.

समजा, एक बाई सांगते, “सासूबाई गेल्यापासून घरात जरा मोकळं वाटतं.” नवी समुपदेशक लगेच, “पण आठवण येत असेल ना त्यांची?” “हो, येते की.” विषय तिथेच संपतो. वहीत नोंद होते, ‘सासूच्या निधनाचं दुःख’. नोंद वाचून तिच्या सुपरव्हायझरला, म्हणजे तिचं काम तपासणाऱ्या वरिष्ठ थेरपिस्टला, काही खटकणार नाही. रेकॉर्डिंग ऐकलं तर सुपरव्हायझर तिथेच थांबवून विचारेल, “ती सुटकेबद्दल बोलत होती. तू दुःखाकडे का वळवलंस? अवघड कुणाला झालं, तिला की तुला?” या प्रश्नावर एक तास गेला तर तो सत्कारणी लागला. “मॅडम, तुमचं लग्न झालंय का?” असं समोरच्यानं विचारलं तर काय उत्तर द्यायचं, तेही अशाच तासात उलगडतं, पाठ्यपुस्तकात नाही.

रेकॉर्डिंग अर्थातच समोरच्याची परवानगी घेऊन, आणि नाही म्हणण्याची पूर्ण मुभा देऊन.

चिकित्सा मानसशास्त्राच्या अभ्यासक्रमात वरिष्ठांच्या नजरेखाली रुग्ण पाहावे लागतात. एम.ए. करून समुपदेशनात उतरणाऱ्याला असा वरिष्ठ बहुधा स्वतःच शोधावा लागतो. गावात कुणी नाही, ही सबब आज व्हिडिओ कॉलच्या काळात टिकत नाही. मानसशास्त्रज्ञ कि. मो. फडके यांनी तर मुंबईत राहून न्यूयॉर्कच्या अल्बर्ट एलिस यांच्याशी वर्षानुवर्षं पत्रव्यवहार करून त्यांची विवेकनिष्ठ उपचारपद्धती आत्मसात केली.

सुपरव्हिजनची फी नवख्याला झेपत नाही, ही तक्रार मात्र खरी आहे. म्हणून ज्येष्ठांना विनंती : महिन्यातला एक तास नव्या मुलांसाठी कमी पैशात ठेवा. आणि मुलांनो, पुढच्या कार्यशाळेची फी भरण्याआधी ते पैसे अशा तासांसाठी वापरा.