कथेतील आपली जागा

रविवारची उपासना संपवून मंडळी पायऱ्या उतरू लागली म्हणजे एक वाक्य हमखास कानी पडते. "आजचा उपदेश फारच नेमका झाला, अमक्याने मात्र ऐकावयास पाहिजे होता!" हा उद्गार आम्ही असंख्य वेळा ऐकला आहे, आणि खरे सांगावयाचे तर असंख्य वेळा काढलाही आहे. उधळ्या पुत्राची कथा निघाली की रुसून अंगणात उभा राहिलेला थोरला भाऊ पाहून आम्हांस कोणी तरी नातलग आठवतो. मार्था आणि मरीया यांची कथा निघाली की घरातील कोणत्या बाईचे चित्त भांड्यांत गुंतले आहे, हे आम्ही मनात लगेच ठरवून टाकतो. पवित्र शास्त्रातील कथा रोजच्या संसारात कशा लागू कराव्यात, असा प्रश्न पुष्कळ वेळा विचारला जातो. आमच्या मते लागू करण्यात आपण मुळीच कच्चे नाही. त्या कोणास लागू कराव्यात, एवढ्यावरच सारे अडते.

लूकच्या शुभवर्तमानातील अठराव्या अध्यायात प्रार्थनेस गेलेल्या दोघांची कथा आहे. परूशी आपण इतरांसारखे नाही म्हणून देवाचे आभार मानतो. जकातदार मान खाली घालून उभा राहतो. ही कथा ऐकून ज्याच्या मनात "देवा, मी त्या परूशासारखा नाही, हे केवढे बरे" असा विचार आला नाही, असा वाचक आम्हांस दाखवावा. विचार येताक्षणी परूशाची जागा भरलेली असते.

जुन्या करारात याहून कठोर एक प्रसंग आहे. दावीद राजाने बथशेबेचा अभिलाष धरला. तिचा पती उरीया हा दावीदाच्याच निवडक वीरांपैकी एक, आणि त्या वेळी तो राब्बाच्या वेढ्यात लढत होता. पुढे त्यास घनघोर लढाईच्या तोंडी उभे करून एकटे सोडावे, अशी आज्ञा राजाने सेनापतीस लिहिली. आणि ते पत्र नेण्याचे काम उरीयाकडेच दिले. उरीया पडला, बथशेबा राजवाड्यात आली, तिला मूल झाले. एवढ्या महिन्यांत दावीद सिंहासनावर बसून लोकांचे न्याय करीतच असला पाहिजे. त्याची न्यायबुद्धी मेली नव्हती; ती आपल्या घराच्या उंबरठ्याशी थांबत होती, इतकेच.

मग नाथान संदेष्टा येतो आणि एक गोष्ट सांगतो. एका श्रीमंताची मेंढरे पुष्कळ. गरिबापाशी विकत घेतलेली एकच लहानशी मेंढी, पोरांबरोबर वाढलेली, त्याच्याच ताटात खाणारी, त्याच्या कुशीत निजणारी. श्रीमंताकडे पाहुणा आला तेव्हा त्याने आपल्या कळपास हात न लावता ती मेंढी कापली. दावीद हा मूळचा मेंढपाळ. तो संतापाने उसळतो. असा मनुष्य मरणास योग्य आहे, आणि त्याने चौपट भरून दिले पाहिजे, असा निकाल तो तत्काळ देतो. त्यानंतर नाथान आरोपीचे नाव सांगतो. ते राजाचेच असते.

आपल्याकडे कीर्तनात आधी पूर्वरंगात तत्त्वाचे निरूपण होते आणि आख्यान उत्तररंगात येते. रेव्हरंड ना. वा. टिळकांनी ख्रिस्ती उपासनेत कीर्तन-भजनांची गोडी लावली, तेव्हा हा साचाही आपल्या मंडळीत रुळला. नाथानाने क्रम उलटा केला, आणि तेथेच त्याची चतुराई आहे. त्याने परस्त्रीहरण आणि मनुष्यवध यांवर पूर्वरंग मांडला असता, तर दावीद सावध झाला असता. राजकारणाची निकड, युद्धाचे नियम, मनुष्यस्वभावाचे दौर्बल्य, अशी सारी कवाडे त्याने धडाधड लावून घेतली असती. मेंढीसाठी मात्र कोणी कवाड लावीत नाही. आपला न्याय आपल्याकडून काढून घेण्याचा हाच एक मार्ग असावा, की तो दुसऱ्याचा समजून आपण द्यावा.

येथपर्यंत बहुतेक उपदेशक येतात. पुढे मात्र आम्ही नेहमी अडखळतो. मेंढीच्या गोष्टीत चौपट भरपाईची भाषा आहे. निर्गमाच्या बाविसाव्या अध्यायात चोरून कापलेल्या मेंढरासाठी तोच दंड सांगितला आहे. पण उरीयाची भरपाई कोणास करावयाची? तो तर मेलेला. दावीद पाप कबूल करतो, आणि परंपरेने त्याच प्रसंगाशी जोडलेल्या एक्कावन्नाव्या स्तोत्रात आपण केवळ देवाचाच अपराध केला, अशा अर्थाचे उद्गार आहेत. टीकाकार म्हणतात की प्रत्येक अपराध अखेर देवाविरुद्धच असतो. हे आम्हांस मान्य आहे. तथापि स्तोत्र वाचताना आमची नजर उरीयाचे नाव शोधीत राहते, आणि ते सापडत नाही. मेलेल्याकडे जाता येत नाही, म्हणून दावीदाचे एक वेळ चालून गेले असेल. आमच्या ओळखीतील बहुतेक उरीया जिवंत आहेत.

त्यांपैकी एकीची हकीकत सांगणे प्राप्त आहे. आमच्या घरी एक बाई नऊ वर्षे धुणेभांडी करीत असत. एका नाताळानंतर आमच्या मुलीच्या बाप्तिस्म्याची चांदीची वाटी दिसेनाशी झाली. आम्ही घर उलथेपालथे केले आणि मग, दुसरे कोणी घरात येत नाही या एका पुराव्यावर, बाईंना विचारले. विचारले हा शब्द सौम्य झाला. त्यांचा दहा वर्षांचा मुलगा दाराशी उभा होता. बाई काही बोलल्या नाहीत. मुलाचा हात धरून निघून गेल्या. त्या महिन्याचे वीस दिवसांचे वेतन त्यांनी मागितले नाही आणि आम्हीही पाठविले नाही.

पुढच्या नाताळात गोठ्याच्या देखाव्याची पेटी उघडली. मेंढपाळांच्या मातीच्या मूर्ती ज्या गवतात गुंडाळून ठेवल्या होत्या, त्या गवतात वाटी होती. आमच्याच हातांनी ती तेथे गेली होती. त्या रात्री कौटुंबिक प्रार्थनेत आम्ही देवापाशी क्षमा मागितली, डोळ्यांतून पाणीही आले, आणि निजताना मन पिसासारखे हलके झाले. आज त्या हलकेपणाचीच आम्हांस अधिक लाज वाटते. बाईंचे घर आमच्यापासून वीस मिनिटांच्या वाटेवर होते. आम्ही गेलो नाही. पुढची सात वर्षे गेलो नाही.

अशात रविवारच्या शाळेतील मुलांस जक्कयाची कथा सांगण्याचे काम आमच्याकडे आले. ही कथा मुलांची आवडती. बुटका जक्कय झाडावर चढतो, यात त्यांना मोठी मौज वाटते. मराठी शास्त्रात त्या झाडास उंबर म्हटले आहे, आणि ते योग्यच, कारण यरीहोकडचे ते झाड आपल्या उंबराचे भावंड आहे. उंबरावरची गंमत सांगून झाली की कथा संपली, असे आम्हीही लहानपणी समजत होतो. पण तयारीसाठी म्हणून आम्ही कागद-पेन्सिल घेऊन बसलो आणि हिशेब मांडला. जक्कय अर्धी मालमत्ता गरिबांस देतो; आणि ज्यास लुबाडले त्यास चौपट परत करीन म्हणतो. आता, उरलेल्या अर्ध्यातून चौपट द्यावयाचे, म्हणजे एकंदर संपत्तीचा आठवा हिस्सा जरी लबाडीचा निघाला तरी हाती कवडी राहत नाही. शिवाय नियमशास्त्राने त्याच्यावर एवढा बोजा घातलाच नव्हता. स्वतः होऊन कबुली देणाऱ्याने मुद्दल आणि वर पाचवा हिस्सा द्यावा, असे गणनेच्या पाचव्या अध्यायात आहे. चौपट हा पकडल्या गेलेल्या चोराचा दंड. जक्कय तो आपण होऊन पत्करतो. मूळ ग्रीकमध्ये त्याच्या तोंडची क्रियापदे वर्तमानकाळी आहेत, त्यामुळे तो हे आधीपासूनच करीत होता असेही काही पंडित मानतात; आम्हांस तो अर्थ पटत नाही, कारण मग गर्दीची कुरकुर तेवढी खोटी ठरते आणि जक्कयाच्या घरी काहीच घडत नाही.

आणखी एक गोष्ट त्या दिवशी प्रथमच लक्षात आली. जक्कय हे बोलतो तेव्हा प्रभू त्याच्या घरी येऊन चुकलेला आहे. स्वीकार आधी झाला, हिशेब मागून आला. भरपाई करून त्याने कृपा विकत घेतली नाही, हे खरे. परंतु कृपा मिळाली म्हणून त्याने खातेवही मिटलीही नाही, उलट ती तेव्हाच उघडली. आम्ही नेमके याच्या उलट केले होते. यहुदी लोकांचा जो मिश्ना ग्रंथ इसवी सनाच्या 200 च्या सुमारास संकलित झाला, त्यात स्पष्ट म्हटले आहे की, मनुष्याने मनुष्याचा अपराध केला असेल तर त्या मनुष्याची समजूत घातल्याखेरीज प्रायश्चित्ताच्या दिवसानेही तो फिटत नाही. डोंगरावरील प्रवचनात प्रभूनेही वेदीपाशी आणलेले दान तेथेच ठेवून आधी भावाकडे जाण्यास सांगितले आहे. दोन्ही ठिकाणी पायांनी चालत जाण्याचे काम आहे, गुडघे टेकण्याचे नंतर.

आमच्या कागदावर आठव्या हिश्शाखाली, कसे कोण जाणे, वीस दिवसांचा हिशेब लिहिला गेला होता.

बाईंनी खोली बदलली होती. त्यांचा पत्ता लागण्यास चार दिवस गेले. आम्ही वाटीची हकीकत सांगितली, क्षमा मागितली, पाकीट पुढे केले. त्यांनी ते उघडून पाहिले, वीस दिवसांचे पैसे मोजून घेतले आणि बाकीचे परत दिले. चौपटीचे आमचे गणित त्यांनी असे एका हाताने मोडले. मग म्हणाल्या, "मी चोर नाही, हे मला ठाऊकच होतं. तुम्ही बोललात ते पोरासमोर. आता हेही त्याच्यासमोरच सांगा."

मुलगा आता अठरा वर्षांचा आहे, एका गॅरेजात कामास जातो, आणि त्यास रविवारचीच काय ती सुट्टी असते, तीही दुपारपर्यंत. म्हणून त्या रविवारी उपासनेची घंटा झाली तेव्हा आम्ही बाईंच्या दारात उभे होतो. आत नळाचे पाणी पडत होते. तो आंघोळ करीत होता. बाईंनी स्टूल पुढे सरकविले आणि बसा म्हणाल्या.