साक्षी मोजाव्या कीं तोलाव्या?

प्रबंधांत आधार किती द्यावेत, असें विद्यार्थी नेहमीं विचारतात. या प्रश्नाच्या मुळाशीं एक समजूत आहे: आधार जितके अधिक, तितका सिद्धांत बळकट. ती तपासून पाहण्याजोगी आहे.

शिवछत्रपतींच्या जन्मतिथीचेंच उदाहरण घ्या. महाराजांचें निधन १६८० सालीं झालें. त्यानंतर शंभराहून अधिक वर्षांनीं लिहिलेल्या चिटणीस बखरींत जन्म शके १५४९ च्या वैशाखांत, म्हणजे १६२७ सालीं, दिला आहे. आणि पुढें कित्येक पुस्तकांतून तेंच वर्ष चालत आलें. आधार वाढले, पण साक्ष वाढली नाहीं. एकाचा शब्द दहांनीं उच्चारला म्हणून दहा साक्षीदार होत नाहींत. तो केवळ प्रतिध्वनि होय.

१९१६ सालीं लोकमान्य टिळकांनीं जेधे शकावली प्रसिद्ध केली. तींत फाल्गुन वद्य ३, शके १५५१, म्हणजे १९ फेब्रुवारी १६३०, ही तिथि निघाली. तेवढ्यावरच निकाल देणें उतावीळपणाचें झालें असतें. परंतु १९२७ सालीं कवींद्र परमानंदाचें ‘शिवभारत’ छापून निघालें. त्यांतही हीच तिथि आढळली. जोधपूरच्या ज्योतिष्याकडील कुंडलीही तिच्याशींच जुळली. मावळांतील देशमुखांचें दफ्तर, महाराजांच्या समकालीन कवीचें संस्कृत काव्य आणि दूर राजपुतान्यांतील कुंडली यांनीं एकमेकांचें पाहून लिहिलें असण्याचा संभव थोडा. साक्षी तीनच खऱ्या. पण त्या स्वतंत्र आहेत, आणि म्हणूनच त्यांचें वजन अधिक.

जुनें वर्ष मानणारे अप्रामाणिक नव्हते. हातीं होतें त्यावर त्यांनीं विश्वास ठेविला. अप्रामाणिकपणा तेव्हां सुरू होतो, जेव्हां प्रतिकूल कागद पाहूनही लेखक तो झांकून ठेवितो, किंवा न पाहिलेला कागद पाहिल्यासारखा पुढें करितो. न्यायालयांत एका वकिलानें लपविलेलें दुसरा उघडकीस आणूं शकतो. प्रबंधाचा वाचक मात्र एकटा असतो. दफ्तरें त्याच्यापुढें नसतात, तो लेखकाच्या शब्दावर विसंबतो. म्हणून प्रतिपक्षाची वकिली लेखकानें स्वतःच केली पाहिजे. ती केल्यावरही जो सिद्धांत उभा राहील, तोच वाचकाच्या हातीं द्यावा. न राहील, तर सिद्धांत सोडावा, कागद सोडूं नये.