पाकळी कोणाच्या वाट्याची?

आश्विन सरत आला, पहाटेच्या हवेत गारवा उतरू लागला, की परसातल्या वाफ्यांकडे लक्ष जाते. भात कापणीला आलेले असते, काकडी-दोडक्यांचे वेल मांडवावर वाळून लोंबत असतात. मुंबई-साष्टीतील आपल्या ईस्ट इंडियन बांधवांचा आगेरा ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारी होतो. नव्या भाताची कणसे वेदीपाशी नेली जातात. त्यानंतरचे चार-सहा आठवडे महाराष्ट्रात लसणाच्या लागवडीला मानवतात, कारण पात वाढण्यासाठी थंडी हवी असते आणि गड्डा भरण्यासाठी पुढे दिवस मोठे होत जावे लागतात. समुद्रकाठच्या वाडीत थंडी बेताचीच. तेथे नाशिक-पुण्याकडच्यासारखा गड्डा भरत नाही, हे आधीच मान्य केलेले बरे. हिरव्या पातीची चटणी मात्र पदरात पडते, आणि तीही काही थोडीथोडकी मिळकत नव्हे.

ही माहिती शेतीविषयक कोणत्याही पुस्तिकेत सापडेल. आमचा प्रश्न निराळा आहे. लसूण लावायला बसलेल्या माणसापुढे एक निवड उभी राहते आणि ती निवड केवळ शेतीची नाही. गड्डा फोडला की बाहेरच्या अंगाला टपोऱ्या पाकळ्या निघतात, आत बारीक, सुईसारख्या. लावायच्या त्या टपोऱ्या. आठ-दहा मिलिमीटरहून कमी जाडीची पाकळी वाफ्यात घालू नये, असे जाणकार सांगतात. म्हणजे घरात जे उत्तम ते मातीत, आणि जे उरले ते फोडणीत. २०२४ साली किरकोळ बाजारात लसूण किलोला चारशे रुपयांच्या घरात गेला, तेव्हा ही निवड किती गृहिणींना जड गेली असेल! ती टपोरी पाकळी नेमकी कोणाची? आज भुकेल्या असलेल्या घराची, की अजून न उगवलेल्या पिकाची?

उलट वागले तर काय होते, तेही पाहू. मोठ्या पाकळ्या खाव्यात, बारीक लावाव्यात, असे एका वर्षी केले तर फारसे बिघडत नाही. पण दर वर्षी तेच केले तर गड्डा लहान लहान होत जातो, रोग साठत जातात, आणि मग माणसे जमिनीला व हवामानाला दोष देतात. नुकसान इतक्या सावकाश होते की ते कोणत्या दिवशी सुरू झाले हे कोणालाच सांगता येत नाही.

लसणाची आणखी एक गोष्ट आम्हांला विलक्षण वाटते. आपण लावतो तो लसूण बी धरीत नाही. गव्हाचा दाणा मातीत पडतो आणि त्यातून नवे रोप जन्मते. दाण्याचा तो दृष्टान्त आपण अनेक अंत्यविधींत ऐकलेला आहे. लसणाची पाकळी मात्र नव्याला जन्म देत नाही, ती स्वतःच पुढे चालू राहते. यंदाचा लसूण हा गेल्या वर्षीचाच लसूण असतो, फक्त कोणाच्या तरी हातून एकदा मातीत जाऊन आलेला. हात थांबला की वंश थांबला. इजिप्तचा राजा तुतनखामेन याची कबर १९२२ साली उघडली गेली, तेव्हा तिच्यात सोन्याबरोबर लसणाचे गड्डेही सापडले. राजासाठी जपून ठेवलेला तो लसूण वाळून गेला. आज आपल्या स्वयंपाकघरात असलेला लसूण मात्र त्या काळी कोण्या अनामिक माळ्याने खाण्याचा मोह आवरून मातीत पुरलेल्या पाकळ्यांचाच वंशज आहे.

येथे श्रद्धावंत वाचक एक रास्त शंका काढील. प्रभूच्या प्रार्थनेत आपण फक्त आजची भाकर मागतो. रानातला मान्ना दुसऱ्या दिवसासाठी राखून ठेवला तर त्यात किडे पडत, असे निर्गमाचे पुस्तक सांगते. केवळ शब्बाथाच्या आदल्या दिवशीचा त्याला अपवाद होता. उद्याची चिंता करू नका, ही तर प्रभूचीच शिकवण. मग पुढच्या वर्षासाठी पाकळ्या बाजूला काढणे हा अविश्वास नव्हे काय?

आम्हांला तसे वाटत नाही. मोठी कोठारे बांधू पाहणाऱ्या श्रीमंताला प्रभूने मूर्ख ठरविले ते त्याने धान्य राखले म्हणून नव्हे, तर ते केवळ स्वतःसाठी राखले म्हणून. कोठार आणि वाफा यांत फरक आहे. कोठारातले आपल्या कुलपात राहते. वाफ्यातले आपल्या हातून सुटते. अवेळी पाऊस येईल, करपा पडेल, कोंबड्या उकरतील. पेरणारा माणूस आपल्याजवळचे उत्तम ते अशा ठिकाणी ठेवतो, जेथे त्याची सत्ता चालत नाही. यापरते विश्वासाचे कृत्य कोणते? शिवाय लसूण स्वतःही साठेबाजाला फार दाद देत नाही. उन्हाळ्यात काढलेला गड्डा पावसाळाभर टिकतो, पण दिवाळीच्या सुमारास त्याला कोंब फुटू लागतात किंवा पाकळ्या पोकळ होतात.

बियाण्याचा आणखी एक पैलू बायबलमध्येच आहे. दुष्काळात इजिप्तच्या लोकांनी आधी पैसा, मग गुरे, शेवटी जमीन आणि स्वतःला राजाच्या स्वाधीन केले, आणि योसेफाकडे त्यांनी अन्नाबरोबर बियाणे मागितले. त्यांना ते मिळाले; उत्पन्नाचा पाचवा हिस्सा कायमचा राजाचा झाला. बियाणे संपले की स्वातंत्र्यही कसे संपते, हे उत्पत्तीच्या सत्तेचाळिसाव्या अध्यायात वाचावे. पुढे कित्येक पिढ्यांनी, दास्यातून सुटलेले इस्राएली लोक रानात रडू लागले ते काकडी, कांदे आणि लसूण यांच्या आठवणीने. इजिप्तमध्ये ते सारे फुकट मिळे, असे त्यांना वाटत होते! पाठीवरचे वळ ते विसरले, चव विसरले नाहीत. गणनेच्या पुस्तकातील हा उतारा आम्हांला आपल्याविषयी लिहिल्यासारखा वाटतो.

आता भुकेच्या हक्काविषयी. ज्या घरात आज मुलांच्या पानात वाढायला काही नाही, त्या घराने बियाणे शिजवले तर त्याला दोष देण्याचा अधिकार कोणालाही नाही, आम्हांला तर नाहीच. प्रश्न आपला आहे, ज्यांच्या घरात दोन्ही वेळा चूल पेटते त्यांचा. आपण टपोरे कोठे खर्च करतो? दिवसातले ताजे तास दूरदर्शन संचाला आणि मोबाईलला, आणि उरलेले, जांभया देत काढलेले, म्हाताऱ्या आईबापांना, मुलांच्या धर्मशिक्षणाला, रात्रीच्या रोझरीला. आतल्या पाकळ्या लावून बाहेरच्या गड्ड्याची आशा धरण्याचाच हा प्रकार नव्हे काय? धर्मग्रामातील सभांत तरुण पिढीविषयी तक्रारी ऐकताना हा विचार आमच्या मनात वारंवार येतो.

असो. लावायचाच असेल तर बियाणे पारखून घ्यावे. थंड डोंगराळ मुलखातील मोठ्या पाकळीचा लसूण दिसायला देखणा, पण आपल्याकडच्या लहान दिवसांत तो बहुधा नुसती पात देतो. राजगुरुनगरच्या कांदा व लसूण संशोधन संचालनालयाचे ‘भीमा ओंकार’ आणि ‘भीमा पर्पल’, तसेच राहुरीच्या कृषी विद्यापीठाचा ‘गोदावरी’ हे वाण महाराष्ट्रासाठी योग्य. लासलगाव येथे २००२ साली उभारलेल्या केंद्रात कांद्याला किरणे देऊन त्याचा कोंब थोपविण्याची सोय आहे, आणि लसणावरही तशी प्रक्रिया करता येते. असा लसूण खायला निर्धोक, पण लावला तर उगवणार नाही. दुकानातला गड्डा पेरण्याआधी दोन-चार पाकळ्या ओल्या मातीत घालून पाहिल्या की त्याचा उलगडा होतो.

मृतांच्या दिवशी, २ नोव्हेंबरला, दफनभूमीतून घरी आल्यावर लागवड केली तरी वेळ टळलेली नसते. पाकळी सोलू नये. टोक वर ठेवून दोन-तीन सेंटिमीटर खोल लावावी. चार-साडेचार महिन्यांनी, प्रायश्चित्तकाळात, पात पिवळी पडून माना मोडू लागल्या की गड्डे काढावेत आणि घरातले कोणी हात लावण्याआधी सर्वांत चांगल्यांची जुडी वेगळी बांधून सावलीत, वाऱ्याच्या जागी टांगावी. ऑक्टोबरात शेजारचे कोणी ना कोणी बियाणे मागायला येतेच. त्यांना दहा पाकळ्या दिल्या तर आपला वाफा एका ओळीने उणा होतो. दहा सेंटिमीटरच्या अंतराने धरली तर ती ओळ एक मीटरची.